परिचारिकांची नोंदणी आणि कायद्याचे संरक्षण



अमरावतीचे इर्विन आणि डफरीन, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि लेडी हार्डिंग, दर्यापूर-अकोट-मूर्तिजापूरची रुग्णालये, धारणी-चिखलदऱ्याकडची उपकेंद्रे, यांपैकी कोठेही गेलो तरी आपल्या ओळखीची एखादी सिस्टर किंवा ब्रदर भेटतोच. ज्यांच्या आज्या दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेल्या, त्यांच्या नाती आज अतिदक्षता विभागात रात्रपाळी करतात. आईने डोरले मोडून फी भरली, बापाने सावकाराचे व्याज फेडले, तेव्हा कुठे हातात जी.एन.एम. किंवा ए.एन.एम.चे प्रमाणपत्र आले आणि परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागले. हे नाव म्हणजे त्या घराची खरी इस्टेट होय. शेत नाही, दुकान नाही, पण नोंदणी क्रमांक आहे.

ही इस्टेट जपायची कशी, हे मात्र नर्सिंग शाळेत फारसे कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. एका खासगी दवाखान्यात ती रात्रपाळीला होती. पहाटे एक रुग्ण दगावला, नातेवाइकांनी गोंधळ घातला. सकाळी व्यवस्थापनाने तिच्यापुढे कागद ठेवला आणि सांगितले, 'चूक झाली असे लिहून दे, राजीनामा दे, प्रकरण मिटते.' रात्रभर जागलेल्या, घाबरलेल्या मुलीने सही केली. प्रकरण मिटले नाही. तोच कागद पुढे तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून निघाला. त्या रात्री त्या वॉर्डात किती रुग्णांमागे ती एकटी होती, डॉक्टरांना किती वेळा फोन केला, याची एकही ओळ तिच्या हाती नव्हती. ती आमच्याकडे आली तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. ती तीन महिने आधी आली असती तर, ही चुटपुट आम्हाला आजही लागून आहे.

नोकरी वेगळी, नोंदणी वेगळी

पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी. एकाच घटनेतून तीन वेगवेगळ्या चौकशा निघू शकतात.

पहिली मालकाची, म्हणजे शासन, जिल्हा परिषद किंवा खासगी रुग्णालय यांची. तिच्यात नोकरी, वेतनवाढ, पदोन्नती पणाला लागते. दुसरी पोलिसांची व न्यायालयाची. तिच्यात स्वातंत्र्य पणाला लागते. तिसरी परिचर्या परिषदेची. तिच्यात नोंदणी, म्हणजे व्यवसाय करण्याचा हक्कच पणाला लागतो. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते, नोंदवहीतून नाव गेले तर परिचारिका म्हणून काम करण्याचा मार्गच बंद होतो.

देशात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, तर आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. राज्याची नोंदवही मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ठेवली गेली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय व राज्य आयोगांची रचना सांगितली आहे. संस्थेचे नाव बदलले तरी मूळ तत्त्व तेच राहते : बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणाचेही नाव नोंदवहीतून काढता येत नाही. नोटीस, आरोपाचा तपशील, उत्तराची संधी, सुनावणी आणि कारणांसह आदेश हा नैसर्गिक न्यायाचा क्रम आहे. तो मोडला तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली दाद मागता येते.

म्हणून परिषदेची नोटीस आली की ती कपाटात ठेवू नये. उत्तर न दिल्यास एकतर्फी निर्णय होतो. पाकीट कोणत्या तारखेला मिळाले ते पाकिटावरच लिहून ठेवावे आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवावे. पत्ता बदलला असेल तर परिषदेला कळवावा. माहेरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस सासरी पोचत नाही, आणि मुदत कोणासाठी थांबत नाही.

नोंदणी चालू ठेवणे हाच पहिला बचाव

नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, व त्यासाठी सतत शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. लग्नानंतर नाव बदलले तर राजपत्र व इतर कागदांसह नोंदवहीतही बदल करून घ्यावा. दुसऱ्या राज्यात नोकरी धरायची असेल तर तेथील परिषदेत नोंदणी करावी. बऱ्हाणपूर आपल्याला जवळचे वाटते, पण ते मध्य प्रदेशात आहे. मूळ प्रमाणपत्र कोणत्याही मालकाकडे ठेवू नये. तपासणीसाठी दाखवावे, छायाप्रत द्यावी आणि मूळ प्रत घरी आणावी.

नोंदणीचे महत्त्व काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालय विरुद्ध हरजोत अहलुवालिया या निकालात दिसते. एका लहान मुलाला चुकीचे इंजेक्शन दिले गेले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेची कोणत्याही राज्याच्या परिषदेत नोंदणी नव्हती. रुग्णालयाला भरपाई द्यावी लागली. यातून दोन बोध मिळतात. नोकरांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर येते, हा एक. आणि नोंदणी नसेल, तर बचावाला पायाच उरत नाही, हा दुसरा.

पोलीस ठाणे आणि न्यायालय

रुग्ण दगावला की निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करा, अशी मागणी होते. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ (अ) खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली व तो कलम १०६ (१) मध्ये आला. येथे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. या कलमात सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असे घडले तर ती दोन वर्षांपर्यंत आहे. पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो डॉक्टर, असे त्याच कलमात स्पष्ट केले आहे. परिचारिकेचे नाव परिचर्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच खाटेजवळ उभ्या असलेल्या दोघांना कायदा दोन मापे लावतो. परिचारिकांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला पाहिजे.

मात्र गुन्हा दाखल झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा ठळक व गंभीर असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. त्या खटल्यातही प्राणवायूचे सिलिंडर रिकामे निघाले होते. हा निकाल डॉक्टरांच्या संदर्भातला असला तरी वकिलाने परिचारिकेच्या बाजूनेही तो पुढे ठेवला पाहिजे.

विदर्भाला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. त्या मातांचे दुःख कोणत्याही शब्दांनी भरून येणारे नाही. नंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांपासून परिचारिकांपर्यंत कारवाई झाली. कायम कर्मचारी निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, आणि पुढे फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक झाली. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की निलंबित कर्मचाऱ्याची चौकशी तरी होते, कंत्राटी कर्मचारी एका आदेशाने बाहेर पडतो. सबब कंत्राटी भगिनींनी कागद जपण्याची काळजी दुप्पट घ्यावी.

पोलिसांनी बोलावल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यावा लागतो. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. 'कबूल करा, थोडा दंड भरा, सुटा,' असा सल्ला कोणी दिला तर तो मानण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धीचा कागद परिषदेच्या टेबलावर जातो.

खात्याची चौकशी

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत, तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकांना १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम. १९७९ च्या नियमांप्रमाणे मोठी शिक्षा देण्यापूर्वी दोषारोपपत्र द्यावे लागते, कागदपत्रे पाहू द्यावी लागतात, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी लागते. बचाव सहायक म्हणून दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. जाणता, निवृत्त किंवा सेवेतला कर्मचारी निवडावा. शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे. त्यापुढे शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते. जिल्हा परिषद कर्मचाऱ्याचा मार्ग मात्र अपिलानंतर उच्च न्यायालयाकडे जातो. चुकीच्या दारात अर्ज केल्याने वर्षे वाया गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटले आहे.

लेखणी हीच ढाल

वकील कितीही मोठा असला तरी त्याला कागद लागतो, आणि तो कागद घटनेच्या वेळीच तयार होतो. म्हणून विद्यार्थी भगिनींनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

१) औषध दिल्यावर लगेच वेळेसह नोंद करावी. पाळी संपताना एकदम नोंदी करू नयेत.
२) तोंडी किंवा फोनवरचा आदेश असेल तर डॉक्टरांचे नाव व वेळ लिहावी आणि नंतर त्यांची सही घ्यावी.
३) लिहिताना चूक झाली तर एका रेघेने खोडून सही करावी. गिरवू नये, पान फाडू नये. घटनेनंतर बदललेली नोंद प्रामाणिक माणसालाही खोटे ठरवते.
४) रुग्ण जास्त, कर्मचारी कमी, यंत्र बंद अशी स्थिती असेल तर ती वरिष्ठांना लेखी कळवावी व पोच घ्यावी.
५) रुग्णाची माहिती व छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नयेत. तो वेगळाच गुन्हा अंगावर येतो. कागद हवे असतील तर शासकीय रुग्णालयातून माहिती अधिकार कायद्याखाली मागावेत.
६) दडपणाखाली कबुलीजबाब किंवा राजीनामा लिहू नये. 'विचार करून लेखी उत्तर देते,' एवढेच म्हणावे.

लसीकरणानंतर बालक दगावले तर उपकेंद्राच्या सेविकेने घाबरून कुपी फेकू नये. घटना ताबडतोब वर कळवावी, कुपी व नोंदवही जपून ठेवावी. अशा घटनांची तपासणी करणारी जिल्हा समिती असते. ती कुपीच सेविकेची साक्षीदार असते.

हल्ला झाला तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा परिचारिकांनाही संरक्षण देतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची व पन्नास हजारांपर्यंतच्या दंडाची आहे.

पैसा नाही, म्हणून न्याय नाही?

राज्यघटनेच्या कलम ३९ (अ) ने मोफत कायदेविषयक मदतीचे तत्त्व घातले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तसेच अनुसूचित जाती-जमातींची कोणतीही व्यक्ती उत्पन्न न पाहता मोफत वकिलास पात्र आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे आपल्या ब्रदर मंडळींनाही जातीच्या दाखल्यावर हा लाभ मिळतो. अमरावती व अकोला येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, उच्च न्यायालयासाठीही अशी समिती आहे. साधा अर्ज, नोटिशीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन जावे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

शेवटी एक विनंती. ज्या घरात परिचारिका आहे त्या घराने आजच एक फाइल करावी. प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, नियुक्तिपत्र, वेतनाच्या चिठ्ठ्या, दिलेली-घेतलेली पत्रे तारखेवार लावावीत. आणि संकट आले तर लाजेने घरात बसू नये. 'लोक काय म्हणतील' या विचाराने गेलेले पहिले आठ दिवस पुढे आठ वर्षे महागात पडतात. चूक झाली असेल तर ती प्रामाणिकपणे सांगण्याचीही योग्य जागा व योग्य रीत असते, आणि झालीच नसेल तर ती अंगावर घेण्याचे कारण नाही. ज्या मुलीने आमच्या आजारपणात रात्री जागून काढल्या, तिच्या अडचणीच्या एका रात्री आपण तिच्या बाजूला बसले पाहिजे. समाजसंस्थेचे काम यापेक्षा वेगळे ते काय?