रिठा : केसांना, कपड्यांना; पोटाला नाही

ईद जवळ आली की आपल्याकडे संदुका उघडल्या जातात. दादीजानचा जरीचा दुपट्टा, अम्मीचा निकाहचा जोडा, कुणाची तरी जुनी काश्मिरी शाल. या कपड्यांना साबणाची वडी लावायची हिंमत घरात कुणाचीच नसते. रात्री पातेल्यात मूठभर रिठे भिजत पडतात आणि सकाळी त्या तांबूस पाण्यात हात फिरवला की फेस वर येतो. वास काही फारसा चांगला नसतो, हे कबूल केलेच पाहिजे. पण वाळलेल्या दुपट्ट्यावर हात फिरवला की त्या वासाची तक्रार उरत नाही.

आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या आसपास आढळणाऱ्या रिठ्याला तीन-तीन फळे एकमेकांना चिकटून येतात. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी त्याच जातकुळीचे दुसरे झाड आहे. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला 'सॅपिंडस' म्हणतात, म्हणजे चक्क 'हिंदी साबण'. संस्कृतात तो 'अरिष्टक' आणि 'फेनिल', तर युनानी हकीम त्याला 'बुंदुक-ए-हिंदी' म्हणतात. वापरायचे ते त्याचे सुरकुतलेले साल. आतली काळी, टणक बी फेसासाठी निरुपयोगी; तिचे फार तर मणी होतात.

सालात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात मिसळले की तेलकट मळ सुटा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. साबण अल्कधर्मी असतो आणि रेशीम-लोकरीचा धागा अल्काने खराब होतो. रिठ्याचे पाणी किंचित आम्लाकडे झुकणारे असते, म्हणून पैठणी असो की पश्मिना, तिचा पोत टिकतो. विहिरीच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि कपड्यावर पांढरट थर बसतो. रिठ्याचे तसे होत नाही.

हेच द्रव्य बोरीच्या पानांतही असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्येचे निधन झाले तेव्हा तिला गुस्ल देणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पाणी व बोरीची पाने वापरायला आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालायला सांगितले. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांची ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मय्यतीच्या गुस्लसाठी आपल्या मोहल्ल्यात बोरीचा पाला शोधत फिरणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. तो पाला चोळला की मळ निघतो. अरबस्तानात बोर, आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई. झाडे वेगळी, गुण एकच.

आता केसांकडे वळू. लांब केसांसाठी दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात. साले तीन पेले पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळावीत, निवल्यावर कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळावीत. बरोबर चार-पाच शिकेकाईच्या शेंगा आणि थोडा वाळलेला आवळा घातला तर उत्तम. रिठा एकटा वापरला तर केस कोरडे पडतात, म्हणून आदल्या रात्री तेल लावावे. फेस बाटलीतल्या शॅम्पूइतका होणार नाही. होत नाही म्हणून आणखी ओतत बसू नये; मळ फेसाशिवायही निघतो. तयार भुकटीत काय काय दळले आहे ते कळत नाही, तेव्हा अत्ताराच्या दुकानातून अख्खे रिठेच आणावेत असे आमचे मत आहे. डोळे मात्र घट्ट मिटा. पाणी डोळ्यात गेले तर भयंकर झोंबते. लगेच साध्या पाण्याने बराच वेळ धुवावे, लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि इथेच आम्हाला थोडे कठोर बोलायचे आहे. जुन्या उपचारांत रिठा अर्धशिशीला आणि मिरगीला नाकात घालायला सांगितला आहे. अफू खाल्लेल्याला, साप चावलेल्याला उलटी व्हावी म्हणून पाजायलाही. त्या काळी जवळ दवाखाना नव्हता. पण आजही मुलाला फिट आली की शेजारची एखादी खाला मायेपोटी रिठ्याचे पाणी घेऊन धावत येते, आणि तिला नाही म्हणणे आईला जड जाते. नाही म्हणा. फिट आलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या नाका-तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, दवाखाना गाठा. साप चावला तर उलटीने रक्तातले विष बाहेर येत नाही. त्यावर इलाज सर्पविषावरची लस, आणि ती इस्पितळातच मिळते.

सॅपोनिन थेट रक्तात मिसळले तर तांबड्या पेशी फोडते. काही भागांत लोक ओढ्याचे पाणी अडवून त्यात रिठा कुटून टाकीत आणि गुंगलेले मासे हाताने वेचीत, ते याच गुणामुळे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने रिठ्याच्या सॅपोनिनपासून स्त्रियांसाठी 'कॉनसॅप' नावाची गर्भनिरोधक मलई तयार केली. ते काम शास्त्रज्ञांनी मोजून-मापून, तपासून केले. आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्याला ते माप नसते.

म्हणून रिठ्याचे पाणी सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. रंग चिंचेच्या पाण्यासारखाच दिसतो आणि मूल विचारून पीत नाही. तसेही ते दोन-तीन दिवसांत आंबते. उरलेल्या पाण्यात सोन्याच्या बांगड्या आणि चांदीचे पैंजण अर्धा तास भिजवा, जुन्या मऊ ब्रशने हलके घासा. सोनारही पूर्वीपासून हेच करीत आले आहेत.