‘शेतकऱ्यां’मधला र कसा परत मिळाला

महिन्याचा दुसरा मंगळवार झाला, की बुधवारी सकाळी माझा फोन रोजच्यापेक्षा लवकर वाजतो. वरुडचा संत्रा व्यापारी असतो, दर्यापूरच्या जिनिंगचे मुनीमजी असतात, नाहीतर अमरावतीच्याच अंबापेठेतल्या एखाद्या दवाखान्याची काउंटरवरची मुलगी. “ताई, काल रातच्याले बंद केला तवा चांगला होता. आता प्रिंटच नाही देऊन राह्यला.”

मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. कॉम्प्युटर त्या दुरुस्त्या उतरवून घेतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना बसवतो. बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही. पण सॉफ्टवेअरच्या कोट्यवधी ओळींत एका जागी केलेला बदल दुसऱ्याच जागी काहीतरी मोडू शकतो, आणि मग ज्याचं काम अडतं त्याने कंपनीचं दार ठोठावायचं असतं.

अमरावतीत राजकमल चौकाजवळ माझं डीटीपीचं आणि छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे वार्षिक अहवाल. त्याला जोडून गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर सांभाळणंही आलं. या कामात अनेक कंपन्यांच्या टेक्निकल सपोर्टशी बोलावं लागतं. दुरुस्ती मिळणं आपल्या हातात नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपण तक्रार कशी मांडतो, यावर निम्मं काम ठरतं.

तक्रारीच्याही आधी बिघाड सॉफ्टवेअरचाच आहे ना, हे बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला आणि अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीतला लॅपटॉप आपोआप बंद पडला आणि संध्याकाळी कूलरसमोर नीट चालला, तर विंडोज नव्याने टाकून काही होणार नाही. जिनिंगच्या ऑफिसात तर पंख्यात कापसाचे तंतू अडकून घट्ट थर बसलेला असतो. तो काढला की मशीन तासन्‌तास चालतं. सपोर्टवाला फोनवरून हे पाहू शकत नाही. त्याच्यासमोर सॉफ्टवेअरचीच यादी असते, तो तीच सांगत राहतो.

दुसरी पायरी, बिघाड कुणाचा हे शोधायची. लॅपटॉप एका कंपनीचा, विंडोज दुसरीचं, प्रिंटर तिसरीचा, अकाउंटचं सॉफ्टवेअर चौथीचं. प्रिंटरवाले म्हणतात विंडोजला विचारा, विंडोजवाले म्हणतात प्रिंटरला विचारा. या टोलवाटोलवीत माणूस थकतो. म्हणून आपणच एकेक गोष्ट बाजूला करून बघायची. तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची. त्याच कॉम्प्युटरवर नवा युजर तयार करून बघायचं. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टी चालू ठेवून, मशीन सुरू करायचं. बिघाड कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही हे कळलं, की कोणत्या दाराशी जायचं ते ठरतं.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सविस्तर सांगते. एका शेतकरी उत्पादक कंपनीचा वार्षिक अहवाल आमच्याकडे छपाईला होता. पानं लावायचं सॉफ्टवेअर नुकतंच नव्या आवृत्तीवर गेलं होतं. कच्च्या प्रती काढल्या आणि त्या संस्थेचे सचिव काका चष्मा पुढे ओढून वाचायला बसले. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“ताई, हे पाहा बरं. काऊन असं झालं? आपल्याच अहवालात शेतकऱ्यायचं नाव बिघडलं.”

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला आडवा, पापणीसारखा र गेला होता आणि त्या जागी य च्या डोक्यावर रफार आला होता, ‘सूर्य’मध्ये असतो तसा. वऱ्हाडातल्या संस्थेचा अहवाल म्हणजे हा शब्द पानापानावर. आणखी चमत्कारिक म्हणजे त्याच पानावर काही ठिकाणी तो अगदी शुद्ध छापला होता.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरून आम्ही जुन्या फॉन्टमध्ये काम करायचो, तेव्हा प्रत्येक आकाराला स्वतःचा ठरलेला क्रमांक होता. आकार निवडला की तोच छापला जायचा. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे फक्त अक्षरं साठवली जातात, आणि ती जोडून कोणता आकार काढायचा ते सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून ठरवतात. मराठीतला हा आडवा र लिहायचे दोन रस्ते युनिकोडने मान्य केले आहेत. एकात नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्या दुकानातल्या मुलीने टाइप केलेला मजकूर पहिल्या पद्धतीचा होता, काकांनी घरून पाठवलेला दुसऱ्या. नव्या आवृत्तीत बाहेरचा मजकूर आत घेताना ते अदृश्य जोडचिन्ह गळून पडत होतं. मग उरला साधा र, हलन्त, य, आणि नियमाप्रमाणे रफार. शुद्ध आणि अशुद्ध शब्द एकाच पानावर का, त्याचं उत्तर मिळालं.

आम्ही कंपनीला कळवलं. सपोर्टकडून पहिलं उत्तर आलं: फॉन्ट बदला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. ते आम्ही मुकाट्याने केलं, कारण ते केल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. पहिल्या फळीतल्या मुलामुलींना नेमून दिलेली प्रश्नावली असते आणि ती पूर्ण झाल्यावरच त्यांना प्रकरण वरच्या माणसाकडे देता येतं. त्यांच्यावर ओरडून काही उपयोग नाही. दुसऱ्या फळीत ते सॉफ्टवेअर आतून ओळखणारी माणसं असतात, आणि त्यांच्याही मागे प्रत्यक्ष कोड लिहिणारे. आपली तक्रार त्या शेवटच्या माणसापर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे.

तो माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो. त्याला मराठी येत नाही. समोरचा आकार चुकला आहे, हेसुद्धा त्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्याला ते वेगळ्या वळणाचं अक्षर वाटू शकतं. पिकावर रोग पडला तर कृषी केंद्रात नुसतं ‘पानं पिवळी पडली’ म्हणून भागत नाही, पान तोडून न्यावं लागतं. तसंच इथे. आम्ही पूर्ण अहवाल पाठवला नाही. एक नवी फाईल केली, तिच्यात एकच शब्द दोन ओळींत, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला. जुन्या आवृत्तीत तो कसा दिसतो आणि नव्या आवृत्तीत कसा, त्याची चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि चुकीच्या आकाराभोवती लाल गोल काढला. फाईल कशी उघडायची, मजकूर कसा आत घ्यायचा, हे क्रमाने लिहिलं. काय दिसायला हवं आणि काय दिसतं, हे दोन वाक्यांत. सॉफ्टवेअरचा आणि विंडोजचा पूर्ण आवृत्ती क्रमांक. आणि हा आकार मराठीसाठी आहे असं युनिकोडच्या मानकातच लिहिलेलं आहे, त्या भागाचा उल्लेख.

त्यानंतर पत्रव्यवहाराचा सूरच बदलला. पलीकडून उत्तर आलं की बिघाड आमच्याकडेही दिसतो आहे. टेक्निकल सपोर्टमध्ये याहून मोलाचं वाक्य नाही. बिघाड कंपनीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दिसला की तो नाकारता येत नाही, आणि दुरुस्त केल्यावर खरंच गेला का तेही तपासता येतं.

तोवर काम थांबवून चालणार नव्हतं. त्यांनीच तात्पुरता मार्ग सुचवला: मजकूर आत घेण्याआधी दुसऱ्या पद्धतीचा र शोधून सगळीकडे पहिल्या पद्धतीचा घालायचा. अहवाल तसा छापून वेळेवर गेला. पण मी तक्रार बंद होऊ दिली नाही. पुष्कळ जण इथेच थांबतात. तात्पुरता मार्ग मिळाला की सपोर्टकडून प्रश्न सुटला का म्हणून विचारणा होते आणि माणूस हो म्हणून टाकतो. मग मूळ दोष तसाच राहतो आणि उद्या परभणीत नाहीतर साताऱ्यात कुणीतरी त्याच दगडावर ठेचकाळतो. मी लिहिलं की काम निभावलं आहे, दोष कायम आहे. पुढे आमच्यासाठी वेगळी दुरुस्ती आली, सोबत सूचना: ज्यांना नेमका हाच त्रास आहे त्यांनीच वापरावी. नंतरच्या अपडेटमध्ये ती सगळ्यांसाठी आली.

दोष कळल्यावर लगेच दुरुस्ती का देत नाहीत, असं गिऱ्हाइकं विचारतात. त्यांना मी १९ जुलै २०२४चा दिवस आठवायला सांगते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाईल जगभर पाठवली. तिच्यात माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्राम २० पुरवत होता. एकविसावा वाचायला गेला आणि विंडोज कोसळलं. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत बसले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत चूक मागे घेतली. पण जे कॉम्प्युटर पडले होते ते सुरूच होत नव्हते, मग दुरुस्ती घेणार कशी? माणसाने एकेका मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि सी-०००००२९१ने सुरू होणारी फाईल पुसायची. ज्यांची डिस्क कुलूपबंद होती त्यांना आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधावी लागली. नीट न तपासलेला बदल किती महाग पडतो, ते त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिलं. म्हणून कंपनी चाचणीसाठी वेळ मागते तेव्हा मी तो देते. आणि तुमच्या लॅपटॉपची रिकव्हरी की आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा.

काही दुरुस्त्या सगळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं, उदय कुमार यांनी रेखाटलेलं. लगेच सगळ्यांना ते बिलबुकावर हवं झालं. मंगळूरच्या फोरेडियन कंपनीने एक फॉन्ट काढला, त्यात १च्या डावीकडच्या बटणावर ते चिन्ह होतं. पण तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की ₹च्या जागी नुसती तिरकी बारीक रेघ छापून यायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात चिन्हाला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली, आणि २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ आणि व्हिस्टासाठी अपडेट दिलं. एक्सपीला ते मिळालं नाही, जरी एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४पर्यंत होती आणि आमच्याकडची कितीतरी दुकानं त्यावरच चालत होती. कंपनी कोणत्या आवृत्तीसाठी काय देणार, हे ती ठरवते. म्हणून आपल्या आवृत्तीची मुदत माहीत असलेली बरी. विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या नोंदणी करून घेता येतात, आणि ज्यांनी अजून केली नाही त्यांना मी आवर्जून सांगत असते.

सपोर्टचा नंबर मात्र सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका. बॉक्सवर, बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असेल तोच घ्या. स्वतःहून फोन करून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणणारा, दुरून ताबा घेणारं ॲप टाकायला लावणारा आणि मग बँकेचं पान उघडायला सांगणारा माणूस चोर आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० लावायचा. वॉरंटी असून खरी कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे तक्रार क्रमांक आणि तारखा विचारतात. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवते.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त कळकळ मराठीची आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर चुकलं तर जगभरातून ओरड होते. मराठी र चुकला तर ओरडायला आपणच आहोत. आपण मात्र हाताने दुरुस्त करतो, किंवा तसाच छापतो. मग कंपनीच्या नोंदीत तो दोष नाहीच, आणि नोंदीत नसलेला दोष कुणी दुरुस्त करत नाही. आपल्या जिल्ह्यात रिद्धपूरला, जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. असे दोष गोळा करून, तपासून, कंपन्यांपर्यंत नेणारी एखादी खोली तिथे असावी असं मला मनापासून वाटतं. फार खर्चाचं काम नाही ते.

तोवर आम्ही दुकानात एक चाचणीची फाईल ठेवली आहे. तिच्यात शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्या, ॲप, ऑर्डर, क्लृप्ती, वाङ्मय असे शब्द आहेत. कोणतंही सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेलं की आधी ही फाईल उघडायची, छापायची आणि पीडीएफ करून त्यातला मजकूर परत कॉपी करून बघायचा. सध्या आमची एक तक्रार त्या शेवटच्या पायरीवरच चालू आहे: पीडीएफमध्ये दिसतं बरोबर, पण कॉपी केल्यावर वेलांट्या जागा सोडतात. कंपनीने अजून बिघाड मान्य केलेला नाही. दोन ओळींची नवी फाईल करून, चित्रांसह, या आठवड्यात पुन्हा पाठवते आहे.