यंत्राला सिस्टरची नोंद लागते

परिचर्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : लेखांक ४

मागच्या लेखात आपण मॉनिटरवरचे आकडे संगणक कसे वाचतो ते पाहिलं. पण जिथे खाटेखाटेला मॉनिटर नाही, तिथल्या परिचारिकेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा काय उपयोग? महाड-पोलादपूर भागात याचं उत्तर शोधायचं, तर विंचूदंशाच्या रुग्णापासून सुरुवात करावी लागते.

लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण रात्र-रात्र जवळून पाहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ लक्षणं आहेत, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग १९८६ साली तिथेच प्रसिद्ध झाला. ही गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत द्यायची असते. ते गरम झाले की नाही, हे हात लावूनच कळतं आणि रात्रपाळीला तो हात बहुतेक वेळा सिस्टरचा असतो.

संगणकाला स्पर्श नाही, त्याला फक्त नोंद वाचता येते. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांची ‘कन्सर्न’ ही प्रणाली नेमकं तेच करते. एखाद्या रुग्णाची काळजी वाटू लागली की परिचारिका ठरल्यापेक्षा जास्त वेळा बीपी-नाडी बघते, अवेळी शेरा लिहिते. नोंदींच्या या वेळा वाचून प्रणाली इशारा देते. ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२५ साली प्रसिद्ध झालं.

दुसरी बाजूही पाहू. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याच्या स्थितीचा, इशारा देणारी एक प्रणाली मिशिगन विद्यापीठात तपासली गेली. २०२१ च्या त्या अभ्यासात तिने ६७ टक्के रुग्ण ओळखलेच नाहीत, तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांबाबत इशारे दिले. एवढे इशारे वाजू लागले की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होतं.

म्हणून परदेशी नोंदींवर शिकलेली प्रणाली जशीच्या तशी इथे आणून भागणार नाही. लाल विंचवाचा रुग्ण तिने पाहिलेलाच नसेल. इथल्या रुग्णालयांतल्या नोंदींवर ती शिकली पाहिजे, आणि ‘पाय गार, घाम चालू’ हा शेरा वेळेसकट तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. एकट्या सिस्टरवर सगळा वॉर्ड असला, तर नोंदी ड्युटी संपताना एकदम भरल्या जातात. मग कागद पूर्ण होतो, पण तिला काळजी कधी वाटली ती वेळ हरवते. यंत्र घेण्याच्या आधी सिस्टरची संख्या वाढवा, रजिस्टरांची नक्कल करण्याचं काम यंत्राकडे द्या आणि इशारा चुकीचा वाटला तर कारण लिहून तो बाजूला ठेवण्याचा अधिकार तिला द्या. ज्या नजरेकडून यंत्राला शिकायचं आहे, तिला रुग्णाजवळ थांबायला वेळ मिळाला, तरच त्यावरचा खर्च रुग्णाच्या कामी येईल.

पुढच्या आठवड्यात : बोललेली मराठी ऐकून नोंद लिहिणारी साधनं.