भाटीच्या अंगावरील तीन रंग

बेळगावजवळच्या कडोलीसारख्या गावी एखाद्या घराच्या सोप्यात काळी, तांबूस व पांढरी अशी तिरंगी मांजर पहुडलेली दिसली, तर ती भाटी आहे असे खुशाल समजावे. तिरंगी बोका क्वचितच जन्मास येतो. असे का व्हावे?

मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत एकच. मादीची दोन्ही सारख्याच जोमाने काम करू लागली, तर त्यांच्या आज्ञा दुप्पट होतील. म्हणून गर्भ कोवळा असतानाच त्याची प्रत्येक पेशी दोहोंपैकी एकास मूक करते, अशी उपपत्ती मेरी लायन या इंग्रज विदुषीने १९६१ साली मांडली.

हे मौन लादते कोण? १९९१ साली ‘झिस्ट’ नावाचा आर.एन.ए. उजेडात आला. आर.एन.ए. हा बहुधा जनुकाचा निरोप्या. त्याच्या निरोपाबरहुकूम प्रथिन तयार होते. झिस्टपासून मात्र कोणतेच प्रथिन होत नाही. सुमारे १७,००० घटकांचा हा धागा ज्या गुणसूत्रातून निघतो त्यालाच बिलगतो, आणि काही प्रथिनांच्या साह्याने त्याला गप्प बसवितो.

तांबूस रंगाचे जनुक एक्सवरच असते. भाटीच्या एका एक्सवर ते असून दुसऱ्यावर नसेल, तर कोणते एक्स मिटले त्यावर रंग ठरतो. गर्भातील पेशीने केलेली ही निवड तिच्यापासून झालेल्या साऱ्या पेशी जन्मभर पाळतात. म्हणून कोठे तांबूस डाग, कोठे काळा. पांढरा रंग निराळ्या जनुकामुळे येतो. बोक्याजवळ एकच एक्स. त्याला निवड कोठली?

हा केवळ रंगाचा खेळ नव्हे. उंदराच्या वारेत पित्याकडील एक्स मिटावे लागते. त्यावरील झिस्ट नाहीसे केले, तेव्हा मादी-गर्भ जन्मापूर्वीच दगावले, असे १९९७ साली दिसून आले. मानवी गर्भात हे मौन काहीसे उशिरा व वेगळ्या रीतीने येते, पण येते खास. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी, प्रयोगशाळेत फलित झालेल्या गर्भातून एक मुलगी जन्मली. तिच्या पेशींनाही ही निवड चुकली नसणार.

आपल्या जनुकसंचयाचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने घडविण्याच्या कामी येतो. उरलेल्यास कित्येक शास्त्रज्ञ अडगळ म्हणत. त्यातील सारेच उपयोगी आहे असे नव्हे. परंतु लेकीच्या जिवाचा रखवालदार त्याच अडगळीत निघाला, हे विसरता येत नाही.