कुणीही न छेडलेला खर्ज

1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला, तेव्हा हिंजवडीत शेती होती आणि गर्दी व्हायची ती म्हातोबाच्या बगाडाला. आज तिथल्या आयटी पार्कातून शुक्रवारी रात्री पाठीला गिटार अडकवून निघणाऱ्या पोरांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, शंकाच आहे.

रॉक मशीनचीही सुरुवात इतरांसारखीच, परदेशी बँडची गाणी वाजवण्यापासून झाली. श्रोत्यांना ओळखीचं हवं असायचं. तरी 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. तोही इंग्रजीतून, आणि हिंदी सिनेमाच्या देशात! माझ्या लेखी हे धाडस त्यांच्या पुढच्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठं. 1993 मध्ये त्यांनी कमावलेलं नावच टाकून दिलं आणि ते ‘इंडस क्रीड’ झाले. संगीत भारतीय वळणाकडे झुकू लागलं होतं.

खरी गंमत अशी, की रॉकच्या पोटात एक भारतीय ओळखीची गोष्ट आधीपासूनच दडलेली असते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरला झेपेनासा झाला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. हेच डिस्टॉर्शन. त्यात तीन-चार वेगळे स्वर एकत्र वाजवले तर चिखल होतो. म्हणून रॉकवाले बहुतेकदा दोनच स्वर धरतात, सा आणि प. तानपुऱ्याचीच जोडी! सा 220 हर्ट्‌झचा असेल तर प साधारण 330 चा. छाटलेल्या लहरींत या दोघांच्या फरकाचा, 110 हर्ट्‌झचा, तिसरा स्वर जन्मतो. म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा सा. तानपुऱ्यात खर्जासाठी वेगळी तार लागते. इथे तो कुणीही न छेडता घुमतो. रॉकचा तो छातीत बसणारा दणका यातूनही येतो.

1997 मध्ये इंडस क्रीड फुटला. गायक उदय बेनेगल आणि गिटारिस्ट जयेश गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ केला. 2010 मध्ये बेनेगल आणि बँडमधले जुने साथीदार महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया नव्या बास आणि ड्रमवाल्यांसह परतले. त्याच वर्षी पुण्यात कोरेगाव पार्कला पहिला एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव भरला आणि स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना हक्काचा मंच मिळाला. इंडस क्रीडचा 2012 चा ‘इव्हॉल्व्ह’ ऐका. सतरा वर्षांनी आलेला अल्बम, पण जुन्या पुण्याईवर जगणारा नव्हे.

आणि हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये गिटार असेलच, तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप उघडा. डिस्टॉर्शन लावून 220 आणि 330 एकत्र छेडा. 110 च्या आसपास सुळका दिसेल. डिस्टॉर्शन बंद केलं की तो जवळपास नाहीसा होईल. शेजारी झोपायच्या आत करून बघा.