नोंद पक्की, चित्र भरवशावर

मागच्या लेखात एनएफटी म्हणजेच टोकनची मालकी ब्लॉकचेनच्या साखळीवर कशी नोंदली जाते आणि ती नोंद परस्पर का खोडता येत नाही, हे पाहिले. त्यावरून साहजिकच वाटते की ज्या चित्रासाठी पैसे मोजले, तेही त्याच साखळीत तितकेच सुरक्षित असेल. बहुतेक वेळा ते तिथे नसतेच. इथेरियम या साखळीवरील एनएफटींसाठी 2018मध्ये ठरलेल्या ईआरसी-721 या मानकात टोकनला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे मालकाचा पत्ता. चित्राचा संबंध येतो तो ‘टोकन-यूआरआय’ नावाच्या सोयीतून, आणि तीही ऐच्छिक. या सोयीतून मिळतो फक्त एक पत्ता. त्या पत्त्यावर मेटाडेटाची छोटी मजकूर-फाइल असते आणि चित्र कुठे आहे ते त्या फाइलीत लिहिलेले असते. हा पत्ता पुढे बदलू शकतो, असे मानकाच्या कर्त्यांनी त्यातच नमूद केले आहे. म्हणजे कायमपणाची जी हमी विकली जाते ती नोंदीची असते. चित्र टिकते ते कोणीतरी ते ठेवण्याचा खर्च उचलत राहिले तर.

चित्र साखळीतच का ठेवत नाहीत? कारण जागा भयंकर महाग आहे. इथेरियमवर नेहमीच्या पद्धतीने 32 बाइट साठवायला सुमारे 20 हजार गॅस (तिथले कामाचे एकक) लागतो आणि 2021च्या उत्तरार्धात एका ब्लॉकची मर्यादा 3 कोटी गॅस होती. बीपल या चित्रकाराचे जे डिजिटल चित्र त्या वर्षी मार्चमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरला गेले, त्याची फाइल सुमारे 319 मेगाबाइटची आहे. ती या हिशेबाने साठवायची तर साडेसहा हजारांहून अधिक ब्लॉक लागतील. जगभरचे बाकी सारे व्यवहार रोखून धरले तरी जवळजवळ अख्खा दिवस जाईल. क्रिप्टोपंक्स या एनएफटी-संग्रहातील चित्रे जेमतेम 24 बाय 24 पिक्सेलची. तरीही 2017च्या मूळ करारात, म्हणजे साखळीवरच्या कोडमध्ये, सर्व 10,000 चित्रांच्या एकत्रित प्रतिमेचा फक्त हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठसा, होता; प्रत्यक्ष चित्रे साखळीवर आली ती ऑगस्ट 2021मध्ये.

पत्ता कोणाच्या तरी खासगी सर्व्हरचा असेल तर काय होते, ते एफटीएक्सने दाखवून दिले. नोव्हेंबर 2022मध्ये हे एक्स्चेंज दिवाळखोरीत गेले. कोचेला संगीत महोत्सवाची टोकन त्याच वर्षी या एक्स्चेंजमार्फत विकली गेली होती. त्यांच्यासह तिथल्या अनेक एनएफटींची चित्रे दिसेनाशी झाली, आणि लिंक उघडणारा पोहोचू लागला थेट दिवाळखोरीच्या माहितीपानावर. या टोकनांच्या सोलाना साखळीवरच्या नोंदी मात्र जशाच्या तशा होत्या. दुसरा धोका चित्र बदलण्याचा. सिग्नल या संदेश-अॅपचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी मुद्दाम असे एक एनएफटी बनवले, की ते ओपनसी या एनएफटी-बाजारपेठेवर एक चित्र दाखवी, रॅरिबल या दुसऱ्या बाजारपेठेवर दुसरे आणि विकत घेणाऱ्याच्या वॉलेटमध्ये विष्ठेची इमोजी. जानेवारी 2022मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडले. यात कुठलीही घुसखोरी नव्हती. सर्व्हर त्यांचा, त्यामुळे मागणाऱ्याला काय द्यायचे तेही त्यांच्याच हाती.

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले असते: म्हणूनच तर आयपीएफएस आहे. उत्तर चांगले आहे, पण अर्धे. आयपीएफएसमध्ये पत्ता फाइल ठेवलेल्या जागेवरून ठरत नाही, फाइलीच्या आशयावरून काढलेल्या हॅशवरून ठरतो. चित्रात एक ठिपका बदलला तरी पत्ता बदलतो, त्यामुळे मार्लिनस्पाइक यांची करामत इथे चालत नाही. मात्र फाइल ओळखता येणे वेगळे आणि ती उपलब्ध असणे वेगळे. जाळ्यातला एखादा संगणक (नोड) ती फाइल ‘पिन’ करून, म्हणजे जपून, ठेवतो तोवर ती मिळते. सगळ्यांनी पिन काढली की पत्ता अचूक राहतो आणि तिथे मिळत काहीच नाही. पिन करणारे कोण, तर बहुधा टोकन विकणारी कंपनी किंवा तिने भाड्याने घेतलेली सेवा. आरवीव्ह ही दुसरी साठवणूक-व्यवस्था एकदाच शुल्क घेऊन फाइल कायमची साठवण्याचे गणित मांडते, पण साठवणुकीचा खर्च घटत राहील या गृहीतकावर ते उभे आहे. चित्र कंपनीच्या भरवशावर असले की काय होते, ते एप्रिल 2025मध्ये दिसले: नायकेने विकत घेतलेल्या आरटीएफकेटी या कंपनीच्या क्लोनएक्स संग्रहातील चित्रांच्या जागी अचानक क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवेची निर्बंधाची सूचना झळकू लागली. चित्रे पुढे परतली, पण तोवर मालकांच्या हाती वाट पाहण्याखेरीज काही नव्हते.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. सातबारा म्हणजे तरी कुठे जमीन असते? नोंद तलाठ्याकडे, जमीन शिवारात. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. खरे आहे, पण जमीन जागेवर राहावी म्हणून कोणाला दरमहा भाडे भरावे लागत नाही. शिवाय सातबाऱ्यामागे महसूल खाते आणि न्यायालय उभे असते. इथे नोंदीत चित्राचा हॅशही नसेल, नुसता एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर तो बंद पडल्यावर अमुक टोकन अमुक चित्राचेच, हे ठरवायला साखळीवर आधारच उरत नाही. याला सन्मान्य अपवाद आहेत. क्रिप्टोपंक्सच्याच कर्त्या लार्व्हा लॅब्सच्या 2019मधल्या ऑटोग्लिफ्स या संग्रहामध्ये चित्र निर्माण करणारा कोडच करारात आहे. मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, मात्र त्यातून कोडने काढता येईल अशीच कला जमते. छायाचित्र किंवा चित्रफीत नाही.

‘चित्र तर हजारोंनी उतरवून घेतलेले असते, मग हरवते कुठे?’ असेही विचारले जाते. नोंदीत हॅश असेल तर यात तथ्य आहे: मूळ फाइल जपणारा कोणीही ती त्याच पद्धतीने पुन्हा आयपीएफएसवर चढवू शकतो आणि जुना पत्ता जिवंत होतो. म्हणून आयपीएफएसवरचे एनएफटी घेणाऱ्याने मूळ चित्रफाइल आणि मेटाडेटा, दोन्ही स्वतःकडे उतरवून ठेवावेत आणि जमल्यास स्वतः पिन करावेत. स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअॅपवरून आकसून आलेली प्रत इथे चालणार नाही. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी हॅश जुळत नाही.