कोरोनात पादुका एसटीने का नेल्या?

२०२० आणि २०२१ ची आषाढी पायी वारीविना झाली. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसोबत एसटीने पंढरपूरला गेल्या.

कारण साधं होतं. दिंडीत एकाच तंबूत झोपायचं, एकाच पंगतीत जेवायचं. ताप-खोकला नसलेला माणूसपण कोरोना पसरवत होता. मुक्काम रोज नव्या गावात. म्हणजे आजारही गावोगाव गेला असता, अन् गावातलं आरोग्य केंद्र केवढं, ते आपल्याला माहीतच आहे.

झळ मात्र गरिबाला बसली. पंढरपुरात बुक्का, चुरमुरे, तुळशीमाळा विकणाऱ्यांचं वर्ष आषाढीवर चालतं. त्यांचे दोन हंगाम बुडाले.

२०२२ ला पायी वारी पुन्हा निघाली. आता बंदी नाही, पण अंगात ताप असेल तर दिंडीत जाऊ नका. घरूनच हात जोडा, विठोबा समजून घेतो.